रिपोर्ट नॉर्मल, हात दुखतोच

माझा राग आमच्या गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा आहे. भाजीवाला माझ्या दाराशी आला की सडके टमाटे आधी बाजूला काढतो आणि मगच हाक मारतो. शाळेत मराठी शिकवायचे तेव्हा माझ्या चपलांचा आवाज आला की अख्खा वर्ग पुस्तकात डोकं घालायचा, पुस्तक उलटं का असेना. त्यामुळे इंदूरच्या डॉक्टरांनी जेव्हा विचारलं, "मॅडम, मनात काही साठवून ठेवता का?" तेव्हा आमचे हे खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले.

"साठवून? ही? डॉक्टरसाहेब, हिच्या मनात आलेलं पाच मिनिटांत बऱ्हाणपूरच्या वेशीवर, शनवाऱ्याच्या दरवाजापर्यंत ऐकू जातं."

डॉक्टर हसले. मी हसले नाही. माझा उजवा हात तेव्हाही ठणकत होता.

दुखणं सुरू झालं ते संक्रांतीच्या सुमारास. खांद्यापासून मनगटापर्यंत आतून कोणीतरी ओला टॉवेल पिळावा तसं. भांडं उचलताना दुखे, झोपताना दुखे, नुसती बसले तरी दुखे. आणि हा हात म्हणजे काही साधासुधा हात नव्हे हो. खापराची पोळी करणारा हात आहे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पुरण भरलेला गोळा पोळपाटावर थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर खेळवत, झुलवत मोठा करायचा, पार कोपरापर्यंत येईल एवढा. मग चुलीवर उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. हात जरा चुकला की पोळी फाटली, पुरण चुलीत आणि सासूबाईंचे शब्द कानात.

हे काम एकटीचं नसतं. एकीनं पोळी हातावर वाढवायची, दुसरीनं चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारत जाळ सांभाळायचा आणि भाजलेली पोळी उतरवायची. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना मी जिजी म्हणते, लग्न झाल्यापासून हे असं शेजारी शेजारी बसून करत आलो. मला शिकवलंही त्यांनीच. पहिल्या वर्षी माझ्या हाताखाली स्वतःचा हात धरून ठेवायच्या, पोळी पडू नये म्हणून. जेठ, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, गेले त्यानंतरही आम्ही एकाच घरात, एकाच चुलीपाशी. दरवर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नैवेद्याची पोळी आमच्याच हातची. दुसऱ्या कोणाला आम्ही खापराजवळ फिरकूही द्यायचो नाही.

मग जिजी पुण्याला गेल्या, मुलाकडे. नातू झाला, सूनबाईची नोकरी, आजी हवी. दिवाळी झाली आणि गेल्या. माझा हात दुखू लागला संक्रांतीला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. जाऊ गेली पुण्याला, त्यात खांद्यानं दुखायचं काय कारण?

तर सुरू झाली यात्रा. तिळाचं तेल झालं, शेक झाला, गरम पट्टा झाला. जसोंडीच्या शेतावर आमच्या केळीच्या बागेत काम करणाऱ्या बाईंनी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या मिरच्यांनी मी इतकी खोकले की थोडा वेळ हात विसरले, हाच काय तो फायदा. बऱ्हाणपुरात एक्सरे काढला. नॉर्मल. जळगावला जाऊन त्या मोठ्या नळीत आडवी झाले, कानाशी कोणी पत्रे बडवावेत तसा आवाज ऐकला. नॉर्मल. रक्त नॉर्मल, साखर नॉर्मल. शेवटी इंदूरला नसांची तपासणी केली. त्यात हाताला बारीक बारीक झटके देतात. तपासणारा पोरगा म्हणे "थोडं टोचल्यासारखं होईल". त्या शब्दाचा अर्थ मी त्या पोराला नीट समजावून सांगितला. तीही नॉर्मल.

आणि दर वेळी रिपोर्ट नॉर्मल आला की आमचे हे मावा जिलबी आणायचे. त्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, माणूस स्वभावानं थेंबाथेंबानं चालणारा, पण जिलबीच्या बाबतीत एकदम पाट सोडल्यासारखा.

"अहो, मला दुखतंय आणि तुम्ही जिलबी वाटताय?"

"अगं, काही निघालं नाही, चांगलंच आहे ना!"

"निघालं नाही तर दुखतंय कशानं?"

ते जिलबीचा तुकडा माझ्या बशीत ठेवत. खरं सांगते, काही निघालं नाही हे ऐकून मला रडू यायचं. काहीतरी निघालं असतं तर निदान मी खरी ठरले असते. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, वय झालं की असं होतंच, लक्ष नको देऊ." लक्ष नको देऊ! लक्ष मी देत नव्हते, लक्ष तो हातच ओढून घेत होता. घरात मग हळूहळू एक नजर तयार झाली. मी "आई गं" म्हटलं की दोन माणसं एकमेकांकडे पाहायची. त्या नजरेनं मला हातापेक्षा जास्त दुखायचं.

इंदूरच्या त्या डॉक्टरांचं मात्र एक चांगलं. हसून झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम, दुखणं खरं आहे. नस ठीक आहे, हाड ठीक आहे, तरी दुखणं खरं आहे. असं पुष्कळांना होतं. मनाला जे सोसवत नाही ते कधी कधी अंग उचलून घेतं. तुमच्या गावात एक समुपदेशक मुलगी बसते, भावनांवर काम करते. तिच्याकडे जा."

"म्हणजे मी नाटक करते?" मी विचारलं.

"मी खरं आहे म्हटलं," ते म्हणाले. "दोनदा म्हटलं."

म्हटलं होतं खरं. पण परतीच्या पूर्ण रस्त्यात मी आमच्या ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते बिचारे खंडव्यापर्यंत गाडीत पंखा लागतो का, पाणी हवं का, विचारत राहिले.

ती मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. एका दवाखान्याच्या माडीवर तिची छोटी खोली, भिंतीला हिरवट रंग, कूलर आणि दोन-तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. औषधाची बाटली नाही, तपासायचं यंत्र नाही. मी मनात म्हटलं, हिला फी कशाची द्यायची, कूलरच्या हवेची?

"काकू, आरामसे बसा. कोई जल्दी नहीं है," ती म्हणाली.

मग काय, मला संधीच मिळाली. मी सगळ्यांना फैलावर घेतलं. नळाला पाणी सोडणारे, गॅसवाला, पुण्याला फोन केला की "काकू, बाद में करता हूँ" म्हणणारा जिजींचा मुलगा, मुलगा, सून, आमचे हे. तोंडाचा पट्टा असा सुटला की ती मध्ये एकदाही बोलली नाही. मी दमून पाणी प्यायले तेव्हा तिनं विचारलं, "काकू, तुम्ही मघाशी जिजी असं कोणाला म्हणालात?"

"माझ्या जाऊबाई. का?"

"त्यांचं नाव निघालं की तुम्ही डाव्या हातानं उजवा हात धरता. आत्ताही धरलाय."

मी पाहिलं. धरला होता. जोरात, बोटं उमटतील एवढा. मी पटकन सोडला, चोरी पकडल्यासारखी लाज वाटली मला.

"दुखतोय म्हणून धरला," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली. "काय म्हणत असेल तो?"

हात काय म्हणेल! मी पिशवी उचलली आणि घरी आले. आमच्या ह्यांना सांगितलं, पोरगी वेडी आहे. पण रात्रीच्या भाकरी थापताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात परत गेले. म्हटलं, पाहू तरी.

त्या दिवशी तिनं एक रिकामी खुर्ची माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "समजा, इथं जिजी बसल्यात. जे त्यांना म्हणायचं राहिलं ते म्हणा."

आता सांगायला हसू येतं. जिजी बसल्यात म्हटल्याबरोबर मी पदर डोक्यावर घेतला आणि खुर्चीवरून उठले. मोठी जाऊ समोर बसलेली आणि मी तिच्या बरोबरीनं खुर्चीवर पाय लांब करून? आमच्यात नाही होत असं. पोरगी चक्रावलीच.

"काकू, बसा ना."

"त्या काय म्हणतील?"

"काकू, खुर्ची रिकामी आहे."

माहीत होतं मला, रिकामी आहे. तरी बसवेना. जोरजबरीनं बसले तर तोंडातून शब्द फुटेना. ज्या बाईच्या आवाजानं वर्ग थरथरायचा, ती एका प्लास्टिकच्या खुर्चीपुढे मुकी झाली. शेवटी काय निघालं तोंडातून? "जिजी, पाणी घेता का?"

पोरगी हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं विचारलं, "तुम्ही दोघी घरी कधी बोलायच्या? मनातलं, असं?"

मी विचार केला. समोरासमोर बसून आम्ही कधी बोललोच नव्हतो. तोंडाकडे पाहून कोण बोलतं? जे काय बोलणं व्हायचं ते खापरापाशी. जिजी जाळाकडे बघणार, मी पोळीकडे बघणार, आणि मग मुलांचं, नवऱ्याचं, सासूचं, सगळं निघायचं. माझा पहिला गर्भ पडला तेव्हाचं रडणंही त्याच खापरासमोर झालं. तिनं तेव्हा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त जाळ कमी केला आणि म्हणाली, पोळ्या आता मी करते, तू बस.

हे मी त्या पोरगीला सांगितलं. मग मीच उठले, रिकामी खुर्ची फिरवली आणि माझ्या शेजारी लावली, दोघींची तोंडं कूलरकडे. बसले. कूलर घरघरत होता. आणि तोंडातून आलं ते शाळेतलं मराठी नव्हतं, घरचं होतं.

"जिजी, मले काहून नाही सांगतलं तुम्ही?"

एवढंच. पण त्यानंतर जे सुरू झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. जिजी पुण्याला जाणार हे आमच्या ह्यांना माहीत होतं. नणंदेला माहीत होतं. समोरच्या शिंपीणबाईंना माहीत होतं. मला कळलं ते दूधवाल्याकडून. "मोठ्या बाई जाणार ना, मग उद्यापासून दूध कमी करायचं का?" मी हो म्हटलं आणि पातेलं आत नेलं. मी आरडाओरडा केला का? नाही! एरवी टमाट्यावरून गल्ली डोक्यावर घेणारी मी, त्या दिवशी निमूट दूध तापवलं. त्यांच्या डब्यात चिवडा भरून दिला. स्टेशनवर हसत हात हलवला. याच हातानं.

कूलरकडे बघत मी त्या खुर्चीला चांगलंच झाडलं. तुमचा मी काय गुन्हा केला होता, दूधवाला तुमचा सख्खा आणि मी कोण? हात इतका गरम झाला की वाटलं आता पेटतो. पोरगी हळूच म्हणाली, "राग आहे काकू, येऊ द्या. आणि त्या रागाच्या खाली काय आहे?"

खाली काय असणार! मी म्हणणार होते, खाली आणखी राग. पण तोंड उघडलं आणि माझा आवाज लहान पोरीसारखा झाला. "मला वाटलं होतं मी तुमची आहे," मी म्हटलं, आणि मग मी रडले. पदरात तोंड घालून, भोकाड पसरून रडले. सासूबाई गेल्या तेव्हा अशी रडले नव्हते. हात पिळलेला टॉवेल कोणी सोडून द्यावा तसा सैल पडला होता.

मी तरंगतच घरी आले. झालं, बरी झाले! दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला हात वर केला आणि दुखणं हजर. असा संताप आला की विचारू नका. पोरगीला फोनच लावला. ती म्हणाली, "काकू, येत-जात राहील. दुखलं की एकदा विचारून बघा, आत्ता, या क्षणी, मला काय वाटतंय."

म्हणून विचारू लागले. कधी कधी उत्तर मिळे, कधी नुसतंच दुखे. एकदा मुलानं रविवारचा व्हिडिओ कॉल टाळला. खांद्यातून कळ आली. एरवी मी भांडी आपटली असती. त्या दिवशी मी आमच्या ह्यांच्याजवळ जाऊन शांतपणे म्हटलं, "मला वाईट वाटलं."

त्यांनी पेपर खाली ठेवला. चेहरा उतरला त्यांचा. म्हणाले, "तू भांडी आपट ना गं. हे असं बोलतेस तर मला टेंशन येतं." पण मग उठून चहा त्यांनीच केला, आणि साखर विसरले.

एव्हाना दुखण्याचा दुसरा उन्हाळा लागला होता, आणि जिजींचा फोन आला की अखाजीला येते. फोन कोणाला आला? आमच्या ह्यांना! परत तेच! माझा हात असा धरला की मला वेणी घालता येईना. मागच्या अखाजीला जिजी आल्या नव्हत्या आणि पोळ्या आम्ही बाहेरून मागवल्या होत्या. पितरांनी खाल्ल्या असतील बिचाऱ्यांनी, आम्हाला काही गेल्या नाहीत. यंदाही मागवू, हात कशाला मोडून घेतेस, असं सगळे म्हणू लागले. पोरगीनं मात्र वेगळंच विचारलं. "काकू, तुम्हाला जिजींकडून काय हवंय?"

"तिनं सांगावं, का नाही सांगितलं ते."

"विचाराल?"

 खुर्चीला विचारणं सोपं होतं. खरी जिजी उत्तर देऊ शकते, आणि ते उत्तर असंही असू शकतं की, अगं, राहूनच गेलं, तुझं कुठं काय एवढं. तसं ती म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नव्हतं. हाताचं सोडा, तिच्याबरोबरच्या सगळ्या वर्षांचंच मग काय करायचं, हीच भीती होती.

जिजी आल्या. वाळल्या होत्या, पायात पुण्याच्या मऊ चपला. मी पाया पडले, त्यांनी पाठीवर हात ठेवला, दोघींनी प्रवासाची चौकशी केली आणि दोन दिवस आम्ही पाहुण्यांसारख्या वागलो. आंबे आले, गहू वस्त्रगाळ झाले, डाळ शिजली. आणि मी जाहीर केलं, पोळ्या घरीच होतील. कोणी काही बोलायच्या आत मी परसात जाऊन चूल पेटवली.

अखाजीच्या सकाळी खापर तापलं. जिजी नेहमीच्या जागी बसल्या, मी माझ्या. पहिला गोळा हातावर घेतला आणि कळ आली, डोळ्यांत पाणी येईल अशी. तरी पोळी वाढली. दुसरीही वाढली. तिसरी हातावर झुलत होती तेव्हा, तिच्याकडेच बघत, मी म्हटलं, "जिजी, तुम्ही जाणार हे मले काहून नाही सांगतलं?"

पऱ्हाट्या सारणारा हात थांबला. मी मान वळवली नाही. पोळी हातावर असताना मान वळवता येत नाही, आणि जिजींना उठून जाता येत नाही, कारण खापर तापलेलं. जाळ तडतडत राहिला. माझ्या हातावरची पोळी मोठी होत होत फाटायच्या बेताला आली.

"सगळ्यायले सांगतलं," जिजी म्हणाल्या. "तुले सांगायले आली की तोंडच उघडे ना. तू जाऊ नका म्हणाली असती, तं मी गेली असती का? अन् पोराले काय सांगतलं असतं?"

पोळी फाटली. पुरण चुलीत पडलं, जळक्या गुळाचा वास सुटला. मी पीठ लागलेले हात तसेच धरून बसले. दीड वर्ष मी तिच्या न सांगण्याचा एकच अर्थ लावला होता, आणि तो उलटा निघाला.

मग मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं. उशिरा म्हटलं, पण तिच्या तोंडाकडे पाहून म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"जिजी, जाऊ नका."

"रविवारचं तिकीट हाय," जिजी म्हणाल्या, आणि जेठ गेले त्या दिवशीही जी बाई सगळ्यांसमोर ताठ बसली होती, ती पदर तोंडावर ओढून हमसून हमसून रडू लागली. आतून आमचे हे ओरडले, "काय जळतंय?"  जाळ वाढला होता, तो मी कमी केला. हात दुखत होता. मी पुढचा गोळा घेतला, आणि जिजींनी रडता रडताच स्वतःचा हात माझ्या हाताखाली धरला.